वर्धा शिक्षण योजनेतील पुस्तक आणि नोंदवही : पवनार-सेवाग्राम परिसराच्या संदर्भात

प्रास्ताविक

आधुनिक भारतीय शिक्षणाच्या इतिहासात वर्धा शिक्षण योजनेचा उल्लेख आला की त्यापाठोपाठ तकली येते. योजनेचे समर्थक आणि टीकाकार या दोघांनीही गेली आठ दशके मुख्यतः उद्योगाविषयीच वाद घातला. मुलांनी सूत कातावे की नाही, त्या सुतातून शिक्षकाचे वेतन निघेल की नाही, हे बालश्रमाचे नवे रूप तर नव्हे, अशा प्रश्नांभोवती हा वाद फिरत राहिला. त्याच वर्गात मूल काय वाचत होते, वाचलेल्याविषयी आणि केलेल्या कामाविषयी काय लिहीत होते, हा प्रश्न मात्र मागे पडला. किंबहुना ही योजना पुस्तकविरोधी होती, असा समज अध्यापक महाविद्यालयांच्या टिपणवह्यांतून इतका रूढ झाला आहे की त्याची तपासणी करण्याची गरजही फारशी कोणाला वाटली नाही.

या समजाला आधार नाही असे नाही. अक्षरज्ञान म्हणजे शिक्षणाचा शेवट नव्हे आणि आरंभही नव्हे, ही महात्मा गांधींची १९३७ मधील भूमिका सर्वपरिचित आहे. पाठ्यपुस्तक हेच शिक्षणाचे वाहन झाले तर शिक्षकाच्या जिवंत शब्दाला किंमत उरत नाही, असेही त्यांनी पुढे मांडले होते. परंतु गांधीजींची मते आणि प्रत्यक्ष तयार झालेला अभ्यासक्रम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अभ्यासक्रमाची भाषाविषयक कलमे स्वतंत्रपणे वाचली असता पुस्तकाला हद्दपार करण्याचा हेतू त्यांत आढळत नाही. पुस्तकाचे वर्गातील स्थान बदलण्याचा आणि मुलाच्या लेखनाला खरा वाचक मिळवून देण्याचा हेतू मात्र स्पष्ट दिसतो. प्रस्तुत लेखात या बाजूचा विचार पवनार-सेवाग्राम परिसरातील घडामोडींच्या आधारे केला आहे.

परिषद, समिती आणि पवनार

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे मारवाडी शिक्षण संस्थेच्या विद्यालयाच्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. अध्यक्षस्थानी गांधीजी होते आणि काँग्रेसशासित प्रांतांचे शिक्षणमंत्री उपस्थित होते. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम, उत्पादक हस्तोद्योगाचे केंद्रस्थान आणि त्यातून हळूहळू शिक्षकांच्या वेतनाची तरतूद, असे चार ठराव परिषदेने संमत केले. त्यांच्या आधारे अभ्यासक्रम तयार करण्यासाठी डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. इ. डब्ल्यू. आर्यनायकम् हे तिचे निमंत्रक होते. विनोबा भावे, काका कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, जे. सी. कुमारप्पा, श्रीकृष्णदास जाजू, आशादेवी, के. जी. सैय्यदेन, के. टी. शाह आदींचा तीत समावेश होता. समितीने २ डिसेंबर १९३७ रोजी, म्हणजे सहा आठवड्यांच्या आत, अहवाल सादर केला. फेब्रुवारी १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनात काँग्रेसने योजनेला मान्यता दिली आणि त्यानंतर हिंदुस्तानी तालीमी संघाची स्थापना झाली.

याच सुमारास, ७ मार्च १९३८ रोजी, विनोबा प्रकृतीच्या कारणास्तव नालवाडीहून पवनारला आले. वर्ध्यापासून सुमारे आठ किलोमीटर अंतरावर, नागपूरच्या रस्त्यावर, धाम नदीच्या काठी जमनालाल बजाज यांचा बंगला होता. तेथे त्यांनी मुक्काम केला आणि त्या स्थानाला परंधाम हे नाव दिले. गांधीजी १९३६ पासून जेथे राहत होते ते शेगाव (१९४० नंतरचे सेवाग्राम) वर्ध्याजवळच होते. ही दोन खेडी आणि वर्धा शहर, तेथील विद्यालये व आश्रम असा हा छोटासा त्रिकोण होता. नवी तालीमचा विचार येथेच आकाराला आला. प्रत्यक्ष शाळेचे काम सेवाग्रामला आर्यनायकम् दांपत्याने सांभाळले. पवनारचे योगदान प्रामुख्याने संकल्पनेच्या पातळीवर राहिले.

त्यातील सर्वांत टिकाऊ संकल्पना म्हणजे 'समवाय'. उद्योग व ज्ञान यांचा संबंध सांगण्यासाठी विनोबांनी न्यायदर्शनातील ही संज्ञा योजिली. तंतू आणि पट यांचे नाते हे समवायाचे शास्त्रीय उदाहरण आहे. तंतू वेगळे केले तर पट उरत नाही. जेथे शाळेचा मुख्य उद्योग सूतकताई होता तेथे हे उदाहरण किती नेमके बसते, हे सांगण्याची गरज नाही. नंतरच्या सरकारी परिपत्रकांत समवायाचा अर्थ 'विषयांची सांगड घालणे' एवढाच उरला. त्यामुळे तकलीवरून ताजमहालापर्यंत ओढूनताणून नेलेले पाठ तयार झाले. मूळ कल्पनेत सांगड घालायला दोन वेगळ्या वस्तू मुळात नव्हत्याच.

मातृभाषेची चाळीस मिनिटे

समितीने शाळेचा दिवस साडेपाच तासांचा आणि वर्ष २८८ दिवसांचे धरले. पैकी ३ तास २० मिनिटे मूलोद्योगासाठी होती. संगीत, चित्रकला व गणित यांना मिळून ४० मिनिटे, मातृभाषेला ४० मिनिटे, सामाजिक शास्त्र व सामान्य विज्ञान यांना ३० मिनिटे, शारीरिक शिक्षणाला १० मिनिटे आणि मधल्या सुट्टीला १० मिनिटे अशी उर्वरित विभागणी होती. ३३० मिनिटांपैकी ४० मिनिटे म्हणजे जेमतेम आठवा हिस्सा. योजना पुस्तकविरोधी ठरविण्यासाठी हे कोष्टक नेहमी पुढे केले जाते.

मात्र सात वर्षांअखेर या चाळीस मिनिटांतून काय साध्य व्हावे, याची समितीने दिलेली यादी पाहिली तर वेगळे चित्र दिसते. मुलाला आपल्या परिसरातील वस्तू, माणसे व घटना यांविषयी मोकळेपणाने बोलता यावे. वर्तमानपत्रे व मासिके मूकवाचनाने, समजून आणि वेगाने वाचता यावीत. मोठ्याने वाचताना कंटाळवाणा, निर्जीव सूर टाळता यावा. ग्रंथातील अनुक्रमणिका व सूची वापरता यावी, शब्दकोश व संदर्भग्रंथ पाहता यावेत, आणि माहिती व आनंद या दोन्हींसाठी ग्रंथालयाचा उपयोग करता यावा. रोजच्या घटनांचे वर्णन साध्या व स्वच्छ शैलीत लिहिता यावे. सहकारी कामासाठी भरलेल्या गावसभेचा वृत्तान्त हे त्याचे उदाहरण म्हणून दिले आहे. खाजगी व व्यावहारिक पत्रे लिहिता यावीत. आणि अखेरीस, मान्यवर लेखकांच्या लेखनाचा परिचय व त्याविषयी गोडी असावी.

१९३७ साली मुंबई इलाख्यातील किंवा मध्य प्रांतातील किती प्राथमिक शाळांत सूची पाहण्याचे शिक्षण दिले जात असेल? आजच्या पदवी वर्गांतही ते दिले जाते असे प्रामाणिकपणे म्हणता येणार नाही. पाठ्यपुस्तक हे पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत क्रमाने पाठ करण्याचे साधन असते. त्याला सूचीची आवश्यकताच भासत नाही. सूची लागते ती शंका घेऊन ग्रंथाकडे जाणाऱ्याला. कपाशीच्या बोंडांवर कीड पडली, पेळू नीट निघत नाही, धाम नदीचे पाणी उतरले, तर याविषयी कोठे काय लिहिले आहे हे शोधण्यासाठी मूल ग्रंथालयात जाते. म्हणजे पुस्तक येथे परीक्षकाच्या जागेवरून खाली येऊन कामाच्या अवजारांत दाखल झाले. 'संदर्भग्रंथ' ही कल्पना भारतीय प्राथमिक शिक्षणाच्या अधिकृत अभ्यासक्रमात इतक्या ठळकपणे मांडणारे हे आरंभीचे दस्तऐवज आहे, याची नोंद घ्यावयास हवी.

दुसरा मुद्दा वृत्तान्ताचा आहे. गावसभेचा अहवाल हे निबंधलेखन नव्हे. 'पावसाळ्यातील एक दिवस' या विषयावरचा निबंध शिक्षक वाचतो, लाल शाईने खुणा करतो आणि वही परत देतो. त्या लेखनाचे जगातील कार्य तेथे संपते. सभेचा वृत्तान्त सभेला न आलेला माणूस वाचतो, आलेला माणूस त्यातील चूक काढतो. मुलाच्या लेखनाला शिक्षकाखेरीज दुसरा वाचक असणे, हे समितीच्या भाषाविचाराचे केंद्र मानता येईल.

कामाच्या नोंदी

हेच तत्त्व रोजच्या कामाच्या नोंदींना लागू होते. सूतकताईच्या वर्गात मुलाला आपल्या कामाची मोजदाद ठेवावी लागे. अटेरणावर गुंडाळलेला चार फुटांचा एक फेरा म्हणजे एक तार, १६० तारांची एक लटी आणि चार लट्यांची, म्हणजे ६४० तारांची, एक गुंडी. गुंडीची लांबी २,५६० फूट. दिलेले पेळू किती वजनाचे, निघालेले सूत किती, तूट किती आणि सुताचा अंक काय, हा हिशेब वहीत मांडताना गुणाकार, भागाकार, गुणोत्तर व सरासरी ही सारी प्रकरणे आपोआप येत. तारीख आणि हवामान लिहिले जाई, कारण दमट हवेत धागा वेगळा वागतो. धागा वारंवार का तुटला याचे कारण एका वाक्यात लिहावयाचे तर कार्यकारणभाव व्यक्त करणारी वाक्यरचना लागते. भाषेची चाळीस मिनिटे कोष्टकात वेगळी दाखविली असली तरी उद्योगाच्या दोनशे मिनिटांतील लेखन त्यांत धरलेले नाही, ही गोष्ट कोष्टक वाचणारांच्या नजरेतून सुटते.

अशा नोंदीचा आणखी एक गुण असा की ती तपासता येते. वहीत चार लट्या लिहिल्या आणि अटेरणावर तीनच असतील तर शिक्षकाने रागावण्याची आवश्यकता नाही. सूतच साक्ष देते. वाचलेल्या पुस्तकाविषयी मुलाने लिहिलेल्या टिपणाला अशी साक्ष सहजासहजी मिळत नाही. मलपृष्ठावरचा मजकूर उतरवून काढला तरी, ज्याने पुस्तक वाचलेले नाही अशा शिक्षकाला तो खराच वाटतो.

याच काळात फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने हा प्राथमिक शिक्षक १९२४ पासून आपल्या खेड्यातील वर्गात छोटे छापखाना-यंत्र वापरीत होता. मुले गावात फिरून येत, पाहिलेले लिहीत, स्वतः खिळे जुळवून छापीत आणि ते अंक दुसऱ्या गावच्या शाळेला टपालाने पाठवीत. पाठ्यपुस्तकाऐवजी मुलांचे छापील लेखन हेच वाचनसाहित्य होई. दोन्ही ठिकाणी हाताचे काम आणि खरा वाचक या दोन गोष्टी एकत्र आलेल्या दिसतात. मराठी मुलुखातही याचे एक पूर्वरूप आहे. अमळनेरच्या शाळेत शिक्षक असताना साने गुरुजी वसतिगृहातील मुलांसाठी 'छात्रालय' हे हस्तलिखित दैनिक चालवीत. ते रोज लिहिले जाई, रोज वाचले जाई. १९३० मध्ये शाळा सोडून ते सत्याग्रहात उतरले, आणि दोन वर्षांनी त्यांच्या याच लेखणीचा संबंध विनोबांशी आला.

ग्रंथाची परीक्षा घेणारा वर्ग

पुस्तकाविषयी वाचकाने अभिप्राय द्यावा, ही शाळेतील नेहमीची रीत. वर्ध्याच्या आश्रमात मात्र एका वर्गाच्या अभिप्रायावरून पुस्तकच बदलले गेले. हे उदाहरण गीताईचे आहे.

गीताईच्या उगमाशीही एका वाचकाची तक्रार आहे. बडोद्यास असताना विनोबांच्या मातोश्री रुक्मिणीबाई गीतेवरील प्रवचनांना जात. संस्कृत समजत नाही म्हणून त्यांनी मराठी गीता मागितली. विनोबांनी गद्य अनुवाद आणून दिला, तर त्यांना पद्य हवे होते. वामन पंडितांची समश्लोकी आणली, ती अवघड वाटली. मग तूच का करीत नाहीस, असे त्यांनी मुलाला विचारले. १९१८ मध्ये त्यांचे निधन झाले. ७ ऑक्टोबर १९३० रोजी विनोबांनी लेखनास आरंभ केला आणि ६ फेब्रुवारी १९३१ रोजी ते पूर्ण झाले. एवढ्यावर ग्रंथ छापावयास गेला नाही. विनोबांनी तो आश्रमातील एका वर्गाला शिकविला, विद्यार्थी कोठे अडतात याच्या नोंदी केल्या आणि त्यानुसार शब्द बदलले. १९३२ मध्ये, विनोबा धुळ्याच्या तुरुंगात असताना, पहिली आवृत्ती निघाली. त्याच तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात दर रविवारी त्यांनी गीतेवर प्रवचने दिली. ती साने गुरुजींनी लिहून घेतली म्हणूनच 'गीता प्रवचने' हा ग्रंथ आज उपलब्ध आहे.

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात गीताईचा विचार समश्लोकी अनुवादाची परंपरा, छंद, शब्दकळा या अंगांनी झाला. शिक्षणाच्या इतिहासाच्या दृष्टीने मात्र तिचा पाठशोधनाचा टप्पा अधिक महत्त्वाचा आहे. येथे विद्यार्थ्याचे अडखळणे हा विद्यार्थ्याचा दोष मानला गेला नाही, तर ते ग्रंथाविषयीचे प्रमाण मानले गेले. पाठ्यपुस्तक-मंडळे आज ज्याला प्रायोगिक चाचणी म्हणतात, तिचे हे साधे रूप आहे. सहा वर्षांनंतर झाकिर हुसेन समितीत बसलेल्या विनोबांच्या पाठीशी हा अनुभव होता, हे लक्षात घेतले की भाषाविषयक यादीतील वाचनाची कलमे केवळ शोभेची वाटत नाहीत. त्या कलमांपैकी नेमके कोणते कोणाच्या लेखणीतून उतरले हा वेगळा प्रश्न आहे आणि समितीच्या सामूहिक दस्तऐवजाबाबत तो फारसा महत्त्वाचाही नाही.

योजनेच्या मर्यादा

तथापि योजनेचे हे अंग निर्दोष होते असे म्हणता येत नाही. परिषदेतच के. टी. शाह यांनी स्वावलंबनाच्या तत्त्वाला विरोध केला होता, आणि आर्थिक अंगावर भर दिल्यास सांस्कृतिक व शैक्षणिक उद्दिष्टांचा बळी जाईल, असा इशारा खुद्द समितीच्या अहवालात आहे. भाषेच्या बाबतीत तो इशारा खरा ठरला. यादीत मान्यवर लेखकांचा परिचय सर्वांत शेवटी येतो आणि कल्पित साहित्याला त्यात जवळजवळ जागा नाही. घडलेल्या घटनेचा वृत्तान्त लिहिणारे मूल न घडलेल्या घटनेची गोष्टही रचू शकते आणि त्या गोष्टीलाही वाचक हवा असतो, हे समितीने पुरेसे ओळखले नाही. सूत साक्ष देते हे खरे. पण कवितेची साक्ष कोण देणार? आर्यनायकम् आणि आशादेवी दोघेही शांतिनिकेतनातून आलेले असल्यामुळे सेवाग्रामच्या शाळेत संगीत, चित्रकला, उत्सव यांना मानाचे स्थान राहिले, हा त्या शाळेचा विशेष. अशी पार्श्वभूमी नसलेल्या शिक्षकांच्या हाती अभ्यासक्रमातील कोरडेपणाच पोहोचला.

जानेवारी १९४५ च्या सेवाग्राम परिषदेनंतर नवी तालीमचे क्षेत्र पूर्वबुनियादी ते प्रौढशिक्षण असे विस्तारले. स्वातंत्र्यानंतर बुनियादी शिक्षण हे प्राथमिक स्तराचे अधिकृत राष्ट्रीय धोरण झाले. विस्ताराबरोबर आशय पातळ होत गेला. जी. रामचंद्रन यांच्या अध्यक्षतेखालील मूल्यमापन समितीने १९५० च्या दशकाच्या मध्यास अंमलबजावणीतील उणिवांकडे लक्ष वेधले. १९५९ मध्ये तालीमी संघ सर्व सेवा संघात विलीन झाला आणि १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने 'कार्यानुभव' ही संज्ञा रूढ केली. कार्यानुभवाचा स्वतंत्र तास आल्यावर काम आणि लेखन यांची फारकत वेळापत्रकातच नोंदविली गेली. सेवाग्राम येथे २००५ मध्ये आनंद निकेतन ही मराठी माध्यमाची शाळा नवी तालीमच्या तत्त्वावर पुन्हा सुरू झाली, हा अपवाद.

अलीकडील संदर्भ

शिक्षण हक्क कायद्यानंतर महाराष्ट्रात ऑगस्ट २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन पद्धती लागू करण्यात आली. तिच्या आकारिक मूल्यमापनात दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी साधने सुचविली होती आणि चाचणीच्या प्रकारांत पुस्तकासह चाचणीचाही समावेश होता. २०१५ पासून १५ ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस शाळांतून वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होऊ लागला. त्या निमित्ताने पुस्तक परिचय लिहिणे, पुस्तकातील पात्राला पत्र लिहिणे, नवे मुखपृष्ठ काढणे, गोष्टीचा शेवट बदलणे असे उपक्रम अनेक शाळांत होतात. १९३७ च्या यादीत जी उणीव होती ती या उपक्रमांतून काही अंशी भरून निघते. परंतु पात्राला लिहिलेले पत्र फलकावर लागते, अधिकाऱ्यांच्या भेटीनंतर उतरते आणि शेवटी फायलीत जाते. पुस्तक सुचवावे की नाही हे ठरविण्यासाठी त्या परिचयाचा उपयोग दुसऱ्या वर्गातील मूल करते असे क्वचितच घडते. बाजारात तयार प्रकल्पवह्या मिळतात, आणि त्या मिळतात याचे कारण त्या कोणी वाचत नाही हे सर्वांना ठाऊक आहे.

या संदर्भात राज्य शासनाचा मार्च २०२३ चा एक निर्णय उल्लेखनीय आहे. दप्तराचे ओझे कमी करण्यासाठी दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांतच वहीची कोरी पाने समाविष्ट करण्यात आली आणि त्यांना 'माझी नोंद' असे शीर्षक देण्यात आले. पाठ वाचता वाचता मुलाने स्वतःची शंका, शब्द, निरीक्षण तेथेच टिपावे अशी अपेक्षा होती. पुस्तक आणि नोंदवही यांना एकाच शिवणीत बांधण्याचा हा राज्यव्यापी प्रयोग दोन शैक्षणिक वर्षे चालला. मुले त्या पानांचा अपेक्षित वापर करीत नाहीत आणि वेगळ्या वह्याही आणतात, असे आढळल्यावर जानेवारी २०२५ मध्ये तो निर्णय मागे घेण्यात आला आणि २०२५-२६ पासून पाठ्यपुस्तके पुन्हा कोऱ्या पानांविना छापली जाऊ लागली. त्या पानांवर लिहिलेले कोण वाचणार होते, हे मूळ निर्णयात कोठेही ठरलेले नव्हते.